ओन्ली कुठे ठेवायचं

दांडिया बाजारात, चष्म्यांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्याला माझा क्लास.
संध्याकाळी सात ते साडेआठ. पंखे तीन, चालतात दोन.
सगळ्यांना कॅनडाला जायचंय, साडेसहा बँड हवेत,
आणि मी, प्रधानबाई, शिकवण्याच्या एकतिसाव्या वर्षीही
फळ्यापुढे तेच सांगते:
क्रियाविशेषण म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा.
कुठेही बसवा, जेवेल;
पण चुकीच्या पंगतीत बसला
तर लोक नातं भलतंच लावतात.

ऑफन, नेव्हर, ऑल्वेज क्रियापदाच्या अलीकडे.
इज, आर, वॉज आलं तर त्यांच्या पलीकडे.
आणि आधी जागा, मग वेळ.
आपण म्हणतो, काल मांडवीत भेटला.
ते म्हणतात, भेटला मांडवीत काल.
आपल्याला आधी काळ लागतो, त्यांना आधी पत्ता.
धैवत म्हणाला, टीचर, व्हिसाच्या फॉर्मचंच व्याकरण आहे हे.

स्लोली बिचारं सोशिक.
उदाहरणाला मी मगर घेते, विश्वामित्रीतली,
पाणी चढलं की सोसायटीच्या फाटकाशी येणारी.
स्लोली पुढे ठेवा, मध्ये ठेवा, शेवटी ठेवा,
मगर रस्ता ओलांडतेच
आणि वॉचमन तितकाच घाबरतो.

ओन्ली तसं नाही.
ओन्ली ज्याच्या शेजारी बसेल त्याला एकटं पाडतं.
आपल्याकडे हे काम च करतो,
गुजरातीत ज.
मीच. हुं ज.
शब्दाच्या शेपटाला गोचिडासारखा चिकटलेला,
हलवायचा प्रश्नच येत नाही.
बघा, प्रश्नच.
इंग्रजांनी मात्र तो मोकळा सोडला
आणि पकडायला मला ठेवलं.

पादऱ्याची धर्मिष्ठा. तिसऱ्यांदा परीक्षेला.
नवरा ब्रॅम्प्टनला, दोन वर्षं झाली, ट्रक चालवतो.
निबंध कुटुंबावर होता. तिने लिहिलं,
माय हजबंड ओन्ली कॉल्स मी ऑन संडेज.
मी लाल पेनाने ओन्लीभोवती गोल केला
आणि बाण काढला थेट संडेजपर्यंत.
म्हटलं, तुला म्हणायचंय, फोन रविवारीच करतो.
तू लिहिलंस त्याचा अर्थ असाही होईल:
नुसता फोनच करतो, बाकी काही नाही.

ती वहीकडे बघत राहिली.
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
बन्ने साचां छे, टीचर, म्हणाली.
दोन्ही खरं. मग कुठे ठेवू?

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मागच्या बाकावरचे, जे माझ्या मगरीलाही हसतात,
तेसुद्धा खाली बघत होते.

मी म्हटलं, एका वाक्याला एकच ओन्ली पुरे.
म्हटल्यावर कळलं,
हे मी व्याकरणाचं म्हणून सांगितलं नाही.
बाण खोडला नाही, पक्काही केला नाही.
मार्कांची जागा कोरी ठेवून वही परत केली.
तिने खाली बारीक अक्षरात काहीतरी घातलं,
बहुधा ऑल्सो.
त्याची जागा मी पुढच्या मंगळवारी घेणार होते.

पावणेनऊला शटर ओढलं.
कोपऱ्यावर सेव उसळवाला, रोजचा,
पाव मोजता मोजता वर न बघता विचारतो,
एक ज?

इथे कुणाचा लाल बाण पोचत नाही.

एक ज, मी म्हणते.
तरी जास्त घाल.